पेपर कपातला चहा, मिठातलं प्लास्टिक आणि पुरुषांचे शुक्राणू : मायक्रोप्लास्टिकची भीती नेमकी किती खरी?

नाशिकच्या इंदिरानगरमधला जॉगिंग ट्रॅक पहाटेपासूनच भरायला लागतो. चालून झालं, घाम पुसला की पावलं आपोआप चहाच्या टपरीकडे वळतात. तिथं काचेचा ग्लास मागणारे आता कमी आणि पेपर कप मागणारे जास्त. कारण साधं आहे. ग्लास कुठल्या पाण्यात विसळला असेल याचा भरवसा नाही, पेपर कप मात्र कोरा करकरीत. शिवाय प्लास्टिकही नाही, कागदच तर आहे!

इथंच गडबड आहे. नुसत्या कागदात गरम चहा ओतला तर तो दोन मिनिटांत गळायला लागेल. तो गळू नये म्हणून कपाला आतून एक पातळ थर दिलेला असतो आणि हा थर बहुतेक वेळा प्लास्टिकचाच असतो. आयआयटी खरगपूरच्या प्रा. सुधा गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हे तपासलं. ८५ ते ९० अंश सेल्सिअसचं १०० मिली गरम पाणी अशा कपात १५ मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लास्टिकचे साधारण २५ हजार सूक्ष्म कण उतरतात, असं त्यांना दिसलं. दिवसाला तीन कप चहा घेणाऱ्याच्या पोटात ७५ हजार कण. डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत.

आता मोबाईल उघडला की याच्या पुढची गोष्ट सांगणाऱ्या रील्स भरभरून दिसतात. ‘प्लास्टिकमुळे पुरुष नपुंसक होतायत’, ‘वृषणात सापडलं प्लास्टिक’, ‘पुढची पिढी जन्मालाच येणार नाही’ वगैरे वगैरे. लग्नाला तीन-चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही, घरात कुजबुज सुरू झाली, अशा घरातला माणूस जेव्हा ही रील बघतो तेव्हा त्याच्या पोटात गोळाच येतो.

मग यात खरं किती आणि मीठमसाला किती? एकेक करून बघू.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे नेमकं काय?

पाच मिलीमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा कुठलाही तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. साबुदाण्याच्या दाण्यापासून ते डोळ्यांना अजिबात न दिसणाऱ्या कणापर्यंत सगळं यात आलं. हाच कण एक मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा लहान झाला की त्याला नॅनोप्लास्टिक म्हणतात.

हा शब्द खऱ्या अर्थानं रूढ झाला २००४ मध्ये. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध लिहिला. समुद्रात गेलेलं प्लास्टिक जातं कुठं, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं होतं की ते कुठंच जात नाही. ऊन, लाटा आणि घर्षण यांनी त्याचे फक्त बारीक बारीक तुकडे होत जातात.

प्लास्टिकचा मुद्दाच हा आहे. लाकूड कुजतं, कापूस कुजतो, शेण तर मातीलाच मिळतं. प्लास्टिक फक्त बारीक होतं. १९५० मध्ये जगात वर्षाला साधारण २० लाख टन प्लास्टिक बनत होतं, आज हा आकडा ४० कोटी टनांच्या पुढे गेलाय.

शरीरात येतं कुठून?

तोंडावाटे आणि नाकावाटे. या दोन वाटा मुख्य.

सुरुवात मिठापासून करू, कारण हा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. २०१८ मध्ये आयआयटी मुंबईच्या अमृतांशू श्रीवास्तव आणि चंदन कृष्ण सेठ यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या मिठाच्या पुड्या तपासल्या. नमुन्यांमध्ये त्यांना प्लास्टिकचे ६२६ कण सापडले. त्यातले ६३ टक्के तुकडे होते आणि ३७ टक्के धागे. दिवसाला पाच ग्रॅम मीठ खाणारा माणूस वर्षाला मिठातून साधारण ११७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक खातो, असा त्यांचा हिशोब होता. म्हणजे एका ग्रॅमचा जवळपास साडेआठ हजारावा भाग. आकडा तसा छोटाच, पण चिमूटभर मीठसुद्धा सुटलेलं नाही हे त्यातून कळलं. आणि त्याच अभ्यासातली चांगली बातमी अशी होती की मिठाचं पाणी साध्या वाळूतून गाळलं तरी वजनाच्या हिशोबानं ८५ टक्क्यांपेक्षा जास्त प्लास्टिक निघून जातं.

दुसरी वाट बाटलीबंद पाण्याची. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठानं २०२४ मध्ये लेझर वापरून बाटलीबंद पाणी तपासलं, तेव्हा एका लिटरमध्ये सरासरी २ लाख ४० हजार कण सापडले. त्यातले ९० टक्के नॅनोप्लास्टिक होते. आधीच्या अभ्यासांमधले आकडे एवढे मोठे नव्हते, कारण इतके बारीक कण मोजायची सोयच नव्हती.

तिसरी वाट हवेची. आपण पॉलिस्टरचे टी-शर्ट घालतो, ते मशीनमध्ये धुतो. प्लिमथ विद्यापीठाच्याच २०१६ च्या प्रयोगात सहा किलो कृत्रिम कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांपर्यंत धागे सुटतात असा अंदाज निघाला. धुताना सुटतात तसे ते वापरतानाही सुटतात आणि घरातल्या धुळीत मिसळतात. रस्त्यावरच्या टायरचंही तसंच. टायर झिजतो म्हणजे काय होतं? त्याचं रबर बारीक भुकटी होऊन हवेत आणि गटारात जातं आणि आजच्या टायरमधलं बरचसं रबर कृत्रिमच असतं. इंदिरानगरला लागूनच मुंबई-आग्रा महामार्ग जातो. अशा रस्त्यालगतच्या कुठल्याही वस्तीत ही भुकटी धुळीचाच एक भाग असते.

चौथी वाट शेताची. निफाड, दिंडोरीकडे गेलं की टोमॅटोच्या सऱ्यांवर मल्चिंग पेपर दिसतो. नाव पेपर, पण असतं प्लास्टिकच. अवकाळीपासून वाचवायला काही द्राक्षबागांवरही प्लास्टिकचं आच्छादन आलंय. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, एका गारपिटीत वर्ष जातं. पण हे प्लास्टिक उन्हानं विरतं, फाटतं आणि वेळेवर गोळा केलं नाही तर तिथंच मातीत मिसळतं.

वृषणापर्यंत कसं पोचलं?

गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी माणसाचा जो अवयव तपासला तिथं त्यांना प्लास्टिक सापडत गेलं. २०२१ मध्ये इटलीत बाळाच्या वारेत सापडलं. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात सापडलं. रक्तात आलं म्हणजे रक्त जिथं जातं तिथं ते जाऊ शकतं.

तरीही वृषणाबद्दल एक आशा होती. कारण निसर्गानं तिथं एक खास नाकाबंदी केलेली आहे. वृषणात शुक्राणू जिथं तयार होतात, त्या बारीक नळ्यांभोवती पेशींची घट्ट भिंत असते. रक्तातली नको ती गोष्ट आत जाऊ नये हेच तिचं काम. अशीच एक भिंत मेंदूभोवतीही असते.

मे २०२४ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या शाओझोंग यू यांच्या चमूचा अभ्यास आला आणि जगभर बातमी झाली. त्यांनी ४७ कुत्र्यांची आणि २३ पुरुषांची वृषणं तपासली. कुत्र्यांची वृषणं नसबंदीच्या शस्त्रक्रियेतून मिळाली होती, माणसांची शवविच्छेदनातून. पुरुषांची वयं होती १६ ते ८८. प्रत्येक नमुन्यात प्लास्टिक सापडलं. कुत्र्यांमध्ये एका ग्रॅम ऊतीमागं सरासरी १२३ मायक्रोग्रॅम आणि माणसांमध्ये सुमारे ३३०. म्हणजे जवळपास तिप्पट. सगळ्यात जास्त होतं पॉलिइथिलीन, ज्यापासून कॅरीबॅग आणि दुधाच्या पिशव्या बनतात.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र कुत्र्यांमध्ये दिसली. ज्यांच्या वृषणात पीव्हीसी जास्त, त्यांच्यात शुक्राणूंची संख्या कमी. माणसांमध्ये ही तुलना करताच आली नाही, कारण ते नमुने रसायनात जपून ठेवलेले होते आणि त्यातले शुक्राणू मोजता येत नव्हते.

त्याआधी २०२३ मध्ये इटलीच्या कंपानिया भागात १० जणांच्या वीर्याची तपासणी झाली, त्यात सहा जणांच्या वीर्यात कण सापडले. २०२४ मध्ये चीनमधल्या जिनान शहरात लग्नाआधीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ४० तरुणांचे नमुने घेतले, ते ४० च्या ४० सापडले.

म्हणजे ‘वृषणात प्लास्टिक सापडलं’ ही बातमी खोटी नाही. आता पुढचा प्रश्न.

तिथं जाऊन ते करतं काय?

याची उत्तरं सध्या तरी मुख्यतः उंदरांकडून आलेली आहेत. उंदरांना प्लास्टिकचे कण पाजले, की काही आठवड्यांत त्यांच्या शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, टेस्टोस्टेरॉन कमी होतं, वृषणात सूज येते, असं अनेक प्रयोगांत दिसलंय. यामागं तीन गोष्टी असाव्यात असं मानलं जातं.

एक, कण स्वतःच त्रास देतो. पेशीला तो परका वाटतो, ती त्याच्याशी भांडायला लागते, त्या भांडणात शरीराला घातक असे ऑक्सिजनचे चंचल रेणू तयार होतात. शुक्राणू या माऱ्यापुढं फार नाजूक असतो. त्याच्याकडं दुरुस्तीची यंत्रणा जवळजवळ नसते. त्याचं आवरण आणि आतला डीएनए दोन्ही जखमी होऊ शकतात.

दोन, ती नाकाबंदीची भिंत सैल होते. मग इतर नको त्या गोष्टींनाही वाट मिळते.

तीन, प्लास्टिक एकटं येत नाही. ते मऊ करायला थॅलेट घालतात, कडक आणि पारदर्शक करायला बिस्फेनॉल ए वापरतात. ही रसायनं शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतात किंवा त्यांच्या कामात लुडबुड करतात. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन यांचं गणित बिघडवायला यांची थोडी मात्राही पुरू शकते.

या तिसऱ्या मुद्द्यावर मुंबईत मोलाचं काम झालंय. परळला राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. तिथल्या स्मिता सालियन, तनुजा दोशी आणि गीता वनगे यांनी २००९ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी गाभण उंदरिणींना बिस्फेनॉल ए अगदी थोड्या मात्रेत दिलं. पुढं जन्मलेल्या नरांमध्ये शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी झाली. इथवर अपेक्षित होतं. पण त्या नरांची पिल्लं आणि त्या पिल्लांची पिल्लं, ज्यांना थेट काहीच दिलं नव्हतं, त्यांच्यातही हा परिणाम दिसला. आजीनं खाल्लं आणि नातू-पणतूपर्यंत पोचलं, असा हा प्रकार.

बिस्फेनॉलबद्दल जगभर असे पुरावे साठत गेले. भारतीय मानक ब्युरोनं २०१५ मध्ये बाळाच्या दुधाच्या बाटल्यांमधून बिस्फेनॉल असलेलं पॉलिकार्बोनेट बाद केलं. प्रयोगशाळेत सुरू झालेलं काम घरातल्या बाटलीपर्यंत पोचतं ते असं.

मग माणसांमध्ये सिद्ध झालं का?

इथं जरा थांबावं लागतं, कारण बहुतेक रील्स याच ठिकाणी घाई करतात.

माणसांवरचा त्यातल्या त्यात मोठा अभ्यास चीनमधला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन भागांतल्या ११३ पुरुषांचं वीर्य आणि लघवी तपासली. प्लास्टिक सगळ्यांमध्येच होतं. पण ज्यांच्या नमुन्यात पीटीएफई होतं, त्यांच्या शुक्राणूंचा दर्जा इतरांपेक्षा खालावलेला होता. पीटीएफई म्हणजे नॉन-स्टिक भांड्यांवर ज्याचा थर असतो ते प्लास्टिक. अर्थात ते भांड्यातूनच आलं की आणखी कुठून, हे अशा अभ्यासातून कळत नाही. २०२५ मध्ये स्पेनच्या मुर्सिया इथल्या डॉक्टरांनी २२ पुरुषांच्या वीर्याची तपासणी केली, तेव्हा ५५ टक्के नमुन्यांत कण सापडले.

आता अडचणी बघा.

पहिली अडचण, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडू शकते. ज्याच्या शरीरात प्लास्टिक जास्त, तो कदाचित बाहेरचं पॅकबंद जास्त खात असेल, प्रदूषित ठिकाणी काम करत असेल, वजन जास्त असेल. शुक्राणू नक्की कशानं घटले, हे ११३ माणसांच्या एकदाच घेतलेल्या नमुन्यातून वेगळं काढता येत नाही.

दुसरी अडचण मोजण्याची. प्रयोगशाळेत प्लास्टिक सगळीकडे असतं. हातमोजे, नळ्या, डब्या, हवेतली धूळ. नमुन्यात सापडलेला कण माणसाचा की प्रयोगशाळेचा, हे ठरवणं अवघड. न्यू मेक्सिकोच्या अभ्यासात नमुना तापवून निघालेल्या वायूंवरून प्लास्टिक ओळखलं होतं. ही पद्धत वापरताना शरीरातली चरबीसुद्धा पॉलिइथिलीनसारखाच संकेत देऊ शकते, असा आक्षेप इतर शास्त्रज्ञांनी घेतलाय. म्हणून ३३० हा आकडा दगडावरची रेघ समजू नये.

तिसरी अडचण मात्रेची. उंदरांना प्रयोगात दिलेलं प्लास्टिक बहुतेक वेळा माणसाच्या रोजच्या पोटात जाणाऱ्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी जास्त असतं. शिवाय ते गुळगुळीत, गोल, एकसारखे मणी असतात. आपल्या धुळीतले कण वेडेवाकडे, जुने आणि रंग-रसायनांनी माखलेले.

एखादं रसायन पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर थेट घाला घालतं तेव्हा चित्र कसं दिसतं, याचं उदाहरण इतिहासात आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या कीटकनाशक कारखान्यात कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी फारसं कुणाला मूलच होत नाहीये. तपासणी झाली. डीबीसीपी नावाचं सूत्रकृमी मारणारं औषध हाताळणाऱ्यांपैकी काहींच्या वीर्यात एकही शुक्राणू नव्हता. जितकी वर्षं काम, तितकं नुकसान. कारण आणि परिणाम समोरासमोर उभे होते आणि दोनच वर्षांत अमेरिकेत त्याचा बहुतेक वापर बंद झाला. मायक्रोप्लास्टिकच्या बाबतीत असा सरळ पुरावा आज हातात नाही. आणि त्यात एक मोठी मेख आहे. तेव्हा तुलना करायला औषध न हाताळणारे कामगार होते. आज प्लास्टिक अजिबात न शिवलेला माणूस तुलनेसाठी आणायचा कुठून?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या अहवालात हेच म्हटलं. मानवी आरोग्याला किती धोका आहे हे ठरवण्याइतका पुरावा अजून नाही, पण प्लास्टिकशी संपर्क कमी करणं शहाणपणाचं आहे.

शुक्राणू खरंच घटलेत का?

याबद्दल सगळ्यात जास्त चर्चा झाली ती हगाय लेविन आणि शॅना स्वान यांच्या अभ्यासांची. २०२२ मध्ये त्यांनी जगभरातले जुने अभ्यास एकत्र करून सांगितलं की १९७३ ते २०१८ या काळात एका मिलीलिटर वीर्यातले शुक्राणू सरासरी १० कोटी १० लाखांवरून ४ कोटी ९० लाखांवर आले. निम्म्याहून जास्त घट. जुनी मोजणी आणि नवी मोजणी यांची तुलना कितपत करावी, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे.

पण हेही लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार मिलीलिटरमागं १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरतात. म्हणजे घटलेली सरासरीही त्याच्या तिप्पट आहे. ‘पुढची पिढी जन्मालाच येणार नाही’ असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. काळजी आहे ती कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्यांची. सरासरी खाली सरकली की त्या मर्यादेखाली जाणाऱ्यांची संख्या वाढते.

आणि घट झालीच असेल तर तिचे आरोपी अनेक आहेत. लठ्ठपणा, मधुमेह, तंबाखू, दारू, बैठं काम, कीटकनाशकं, प्रदूषण. प्लास्टिक त्या रांगेत उभं आहे, पण एकटं नाही.

‘आठवड्याला एक क्रेडिट कार्ड खाता’ हे खरं का?

हा आकडा २०१९ चा. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडासाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठानं तो काढला होता. माणूस आठवड्याला पाच ग्रॅमपर्यंत प्लास्टिक गिळत असावा, असा तो अंदाज. चित्र इतकं झकास होतं की जगभर पसरलं. पण २०२१ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी बारकाईनं हिशोब केला, तेव्हा मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी ८८० च्या आसपास कण आणि वजनात एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी प्लास्टिक जातं असं निघालं. त्या हिशोबानं एक कार्ड संपवायला हजारो वर्षं लागतील.

दोन्ही अंदाजच आहेत. पण वर सांगितलेले मिठातले कण धरले तरी आपण ग्रॅमच्या जवळपासही पोचत नाही. क्रेडिट कार्डवाली रील आली तर पुढं पाठवू नका.

घरात खरी अडचण कुठं होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा जोडीनं असतं.

आपल्याकडं मात्र पहिली सोनोग्राफी बायकोची, पहिल्या रक्ताच्या तपासण्या बायकोच्या, उपास बायकोचे आणि टोमणेही बायकोलाच. नवऱ्याची तपासणी दोन-तीन वर्षांनी, तीही ‘आमच्याकडं असं काही नसतं’ म्हणत. खरं तर सीमेन अ‍ॅनालिसिस ही यातली सगळ्यात सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी. दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना द्यायचा, बस. एका रिपोर्टवर कुणी घाबरूही नये, कारण ताप आला, झोप झाली नाही तरी आकडा बदलतो. कमी आला तर डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर दोघांनी एकत्र डॉक्टरकडं जावं. पत्नीचं वय ३५ च्या पुढं असेल तर सहा महिनेच थांबावं. यात प्लास्टिकचा दोष किती, हे आज कुठलाही डॉक्टर तपासून सांगू शकत नाही. पण वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, संसर्ग, हार्मोनची गडबड, साखर ही कारणं सापडतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. प्लास्टिकच्या भीतीनं किंवा प्लास्टिकच्या निमित्तानं ही तपासणी मागं पडली, तर नुकसान खऱ्या अर्थानं तिथं होतं.

जिमला जाणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पीळदार शरीरासाठी बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइड घेतलं, की मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप देतो. शुक्राणू शून्यावरही जाऊ शकतात. प्लास्टिकच्या बाटलीला घाबरून स्टीलची बाटली घेतली आणि त्याच हातानं इंजेक्शन टोचलं, तर उपयोग काय?

मग करायचं काय?

प्लास्टिक शून्यावर आणणं कुणालाच शक्य नाही. पण मोठी भोकं बुजवता येतात. सूत्र एकच, गरम आणि प्लास्टिक यांची गाठ पडू द्यायची नाही.

चहा काचेच्या ग्लासात, स्टीलच्या पेल्यात किंवा कुल्हडमध्ये घ्या. ऑफिसात स्वतःचा मग ठेवा. टपरीवरून पार्सल चहा न्यायचा तर पिशवीत बांधून नको, थर्मास न्या. गरम भाजी, वरण, सांबार कॅरीबॅगेत आणू नका, घरून डबा न्या. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकचा डबा ठेवू नका, त्यावर काहीही लिहिलेलं असो. खरचटलेले, पिवळे पडलेले जुने डबे गरम जेवणासाठी वापरू नका.

बाळाच्या बाटलीबाबत जरा जास्त जपा. आयर्लंडमधल्या ट्रिनिटी कॉलेजच्या २०२० च्या अभ्यासात पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांमधून लिटरमागं १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण सुटताना दिसले. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. दूध स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात गरम करून कोमट झाल्यावर बाटलीत ओतलं तरी फरक पडतो.

पाण्यासाठी घरी स्टीलची टाकी, माठ किंवा तांब्याची कळशी. नाशिककरांना तर यासाठी भांडी बाजार आहेच. बोअरचं जड पाणी असेल तर पाच मिनिटं उकळून, गार करून, गाळून घ्या. २०२४ मध्ये चीनमधल्या एका प्रयोगात अशा क्षारयुक्त पाण्यातले ९० टक्क्यांपर्यंत कण उकळल्यावर क्षारांच्या थरात अडकून खाली बसले. साध्या हलक्या पाण्यात हा फायदा २५ टक्क्यांच्या आसपास होता.

घरात झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसणं बरं, धूळ उडत नाही.

आणि तंबाखू, दारू, वजन, झोप. याचा पुरावा प्लास्टिकपेक्षा कितीतरी भक्कम आहे. भट्टीजवळ किंवा फार उष्ण ठिकाणी काम असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज सवय बदलली तर रिपोर्टमध्ये फरक दिसायला तीनेक महिने द्यावे लागतात.

‘शरीरातलं प्लास्टिक बाहेर काढणारा’ काढा, गोळी किंवा डिटॉक्स कुणी विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. असं सिद्ध झालेलं एकही औषध आज नाही.

हे एकट्यादुकट्याचं काम नाही

महाराष्ट्रानं २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली. देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली आणि त्याच वर्षाअखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग बाद झाल्या. कागदावरची ही बंदी भाजीबाजारात किती पाळली जाते, हे पिशवी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये अन्नातल्या मायक्रोप्लास्टिकचा अभ्यास हाती घेतल्याचं जाहीर केलं. लखनऊची विषविज्ञान संस्था, कोचीची मत्स्य तंत्रज्ञान संस्था आणि पिलानीची बिट्स त्यात आहेत. कण मोजायची एकसारखी पद्धत ठरवणं हा त्याचा मुख्य हेतू. ती ठरली, तरच उद्या अमुक इतकं प्लास्टिक चालेल आणि त्यापुढं नाही, असा नियम करता येईल.

नाशिकपुढं तर तारीखच आहे. २०२७ चा सिंहस्थ. लाखो लोक येणार, त्यांच्यासोबत पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप, प्रसादाच्या पिशव्या येणार. त्यातलं जे उचललं जाईल ते घंटागाडीत जाईल. जे राहील ते नासर्डी, वाघाडीतून गोदावरीत उतरेल, ऊन खाईल, बारीक होईल आणि खालच्या गावांच्या पाण्यात, शेतात जाईल. अख्खी बाटली हातानं उचलता येते. तिचे कण झाले की कुणालाच उचलता येत नाहीत.